तळाचं वरण

त्या सोमवारी आईचं वजन एकसष्ट किलो आठशे ग्रॅम भरलं आणि मी टाळ्या वाजवल्या. खरंच, उड्या मारून वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. पण गोष्ट तिथूनच सांगायला लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही.

थांबा, आधी पाळणा सांगते. तुम्ही सगळे शहरातले, तुमच्याकडे अँब्युलन्स दारात येते. आमचं सावरखिंडचं आरोग्य केंद्र महाबळेश्वरच्या पाठीमागच्या दरीत, आणि आमच्या बावीस वाड्यांपैकी नऊ वाड्यांना रस्ताच नाही. म्हणून हा पाळणा. बारा पंखे, एक खाट आणि खाटेशेजारी एक सीट. खाटेवर पेशंट, सीटवर सिस्टर. ड्रायव्हर नाही, उडवतो कॉम्प्युटर. खाली स्क्रीनसमोर बसून लक्ष ठेवणारी टेक्निशियन म्हणजे मी, ओवी उतेकर.

तर पाळण्याला चार पाय आणि चारही पायांत वजनकाटे. माणसं आणि सामान धरून एकशेसाठ किलो. वर एक ग्रॅम झाला की पंखे फिरत नाहीत. लाल दिवा लागतो आणि एक बाई गोड आवाजात म्हणते, ‘कृपया भार कमी करा.’ तिच्याशी भांडता येत नाही, मी भांडून बघितलंय. त्या एकशेसाठचे वाटे ठरलेले : सिस्टरला बासष्ट, ऑक्सिजन आणि शॉकचं मशीन वगैरे मिळून बारा, उरलेले शहाऐंशी पेशंटला. दर उड्डाणाआधी सिस्टरनं सीटवर बसायचं आणि आकडा वाचायचा. समोर मी. सीटच्या पाठीला उद्घाटनाची भलीमोठी पितळी पाटी, सहा नावं, सहाही नावांआधी ‘माननीय’. कुणी साहेब येणार असले की ती चिंचेनं घासून लखलखीत करायची, हेपण माझ्याच गळ्यात.

आणि सिस्टर म्हणजे माझी आई. कुंदा उतेकर, वय बावन्न. अठ्ठावीस वर्षं ती या दऱ्या पायी चढली. पाळणा यायच्या आधी एकदा ढेबेवस्तीवरून निरोप आला, सून बाळंतपणात अडलीय. आई चार तास चढून गेली. पोचली तेव्हा कळलं, अर्धा तास उशीर झाला. त्यावर ती कधी काही बोलली नाही. पण पाळणा आला त्या दिवशी सीटवर बसली आणि म्हणाली, “ओवे, ढेबेवस्ती अकरा मिनिटं.” बस, एवढंच. ती सीट तिच्यासाठी काय होती, कळलं ना?

तेव्हा तिचं वजन होतं एकोणसाठ. मग पाळी गेली. आणि बघा हं, तिचं खाणं तेच, काम तेच, पण एकसष्ट झालं. मग त्रेसष्ट. मग सहासष्ट! हातपाय तसेच आणि पोटाभोवती टायर. त्यात भर थंडीत अचानक घामानं भिजायची, पहाटे तीनला टक्क जागी. बासष्टच्या वर गेल्यावर केंद्राच्या डॉक्टर निकमांनी तिला सीटवरून उतरवलं. बिचारे तिशीतले, आईसमोर मान वर करून बोलायची हिंमत नाही. “सिस्टर, वरून पत्र आलंय. तीन महिन्यांत बासष्टच्या आत, नाहीतर कायमची बदली. तोवर तालुक्याची एक सिस्टर उडेल.”

“किती वजन तिचं?” आईनं विचारलं.

“अठ्ठेचाळीस.”

“दप्तरासकट?” आई म्हणाली आणि निघून गेली.

आता यातलं विज्ञान ऐका, मी दोन मिनिटांत सांगते. पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन घसरतं. तोवर शरीर चरबी कमरेला, मांड्यांना ठेवत असतं, आता पोटात ठेवायला लागतं. दुसरं, वय आणि इस्ट्रोजेन दोन्हींमुळे स्नायू भराभर झिजतात. आणि स्नायू म्हणजे घरातली सतत पेटलेली चूल. आपण झोपलो तरी तो जळण खातो. चूल लहान झाली आणि लाकडं तेवढीच आणलीत, तर ढीग साठणारच. म्हणून बाई म्हणते, ‘मी काहीच जास्त खात नाही,’ तेव्हा ती खरं बोलत असते.

मग आपण काय करतो? खाणं तोडतो. शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते चरबी जाळतं, पण त्याबरोबर स्नायूही मोडून खातं. प्रथिनं पोटात गेली नाहीत, स्नायूंना जड काम दिलं नाही, तर जास्तच. वजन उतरतं, पण लाकडांबरोबर चूलपण फोडून जाळलेली असते. आणि काट्याला यातलं काही दिसत नाही. काटा विचारतो किती. कसलं, ते तो विचारतच नाही.

आमच्याकडे ‘कसलं’ विचारणारी वस्तू होती! डॉक्टर निकमांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आणली होती. दंडाला चिकटवायची पट्टी, तिकिटाएवढी. स्नायू मोडला की त्यातून एक बारीकसा रेणू बाहेर पडतो. शरीराला तो परत वापरता येत नाही, म्हणून तो टाकून दिला जातो. ही पट्टी घामात तो मोजते. हिरवी म्हणजे चरबी जळतेय, पिवळी म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे स्नायू जळतोय. मटण खाल्लं की त्यातला तसलाच रेणू घामात येतो आणि पट्टी उगाच लाल होते, तेवढी एक खोट. पण त्या वर्षी अधिकासकट श्रावण दोन महिने होता, आमच्याकडे मटणाचा वासही नव्हता.

पट्टी चौथ्या दिवशी लाल झाली.

मी चक्रावले. कारण आईच्या खाण्याची नोंद मी स्वतः अॅपमध्ये करत होते. दोन्ही वेळा दोन-दोन वाट्या वरण, अर्धी भाकरी, पालेभाजी. भात बंद, साखर बंद. रोज केंद्राच्या आवारात दहा हजार पावलं. अॅप म्हणत होतं प्रथिनं पुरेशी. पट्टी म्हणत होती लाल. मी पट्टी बदलली, दुसरी पण लाल. तिसरी पण.

आणि काटा? पासष्ट. चौसष्ट दोनशे. त्रेसष्ट! प्रत्येक आठवड्याला आईचे डोळे चमकायचे. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कुणाचं ऐकलं असतं? मी ठरवलं की या पट्ट्यांचा लॉटच खराब आहे. लाल झाली की माझा फोन किंचाळायचा. मी तो आवाज बंद केला. एक बटण, संपलं. डॉक्टरांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही.

बाबा एकदा जेवताना म्हणाले, “कुंदे, तू बारीक झालीस की आजारी पडलीस?”

“जळतायत नुसते,” आई म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

तर तो सोमवार. सातवा आठवडा. एकसष्ट आठशे. आईला सीट परत मिळाली आणि मी टाळ्या वाजवल्या. तिनं सीटचा पट्टा ओढला तेव्हा तिचा हात थरथरत होता. मला वाटलं आनंदानं.

दुपारी सव्वादोनला ढेबेवस्तीवरून फोन. कोंडीबा ढेबे, साठीचा गडी, छातीत कळ, घामाघूम. बायको ठकूबाई फोनवर ओरडतेय, “आवं लवकर या, गार पडाय लागलाय!” आई चार मिनिटांत हवेत. मी स्क्रीनसमोर, शेजारी डॉक्टर निकम. आईच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यातून मला सगळं दिसत होतं, कानात तिचा श्वास ऐकू येत होता. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल आकडा : दरीत धुकं चढत होतं, पन्नास मिनिटांत वरून परत निघालं नाही तर वाट बंद. एकदा वाट बंद झाली की पाळणा उद्या सकाळीच.

पाळणा सड्यावर उतरला, वर सपाट कातळ तेवढाच आहे. ढेब्यांचं घर पंचेचाळीस पायऱ्या खाली, जांभ्यात खोदलेल्या, शेवाळलेल्या. आई उतरली, गोळ्या दिल्या, ऑक्सिजन लावला, ईसीजी आमच्याकडे पाठवला. निकमांनी एकदा बघितलं आणि पांढरे पडले.

“सिस्टर, मोठा झटका आहे. त्यांना एक पाऊलही चालवू नका. उचलून आणा.”

उचलून! वस्तीवर होतं कोण? पोरं सगळी पुण्या-मुंबईला. ठकूबाई, तिच्या दोन म्हाताऱ्या जावा आणि आई. स्ट्रेचरवर कोंडीबा, हा उंचापुरा. पुढे ठकूबाई, मागे आई, दोन्ही बाजूंना जावा. पायऱ्या चढताना वजन सगळं मागच्यावर येतं, माहितीये ना?

दहा पायऱ्या. पंधरा. मला फक्त आईचा श्वास ऐकू येतोय, आणि तो श्वास मी कधी ऐकला नव्हता, फाटका. एकोणिसाव्या पायरीवर कॅमेरा एकदम आडवा झाला. स्क्रीनवर नुसतं शेवाळ.

“आई! आई!”

स्ट्रेचर कललं होतं. ठकूबाईनं वळून ते खांद्यावर पेललं म्हणून कोंडीबा दरीत गेला नाही. आई गुडघ्यावर बसली होती आणि तिची मांडी, काय सांगू, पाण्यातल्या दोरीसारखी हलत होती. नाडी एकशेबावन्न. पट्टी लालभडक.

“ओवे,” ती म्हणाली, “पाय उचलतच नाहीये गं. याच पायांनी मी बावीस वाड्या चढलेय.”

एकवीस मिनिटं उरली होती.

“सकाळपासून काय खाल्लंयस?”

“सोमवार आहे.”

“पाणी?”

“वजन करायचं होतं ना.”

“अगं पण काल? दोन वाट्या वरण नोंदवलंय मी! रोज चार वाट्या! चार वाट्या वरणावर पाय असे कसे होतील?”

“वरण म्हणजे निवळ गं,” ती धापा टाकत म्हणाली. “वरचं पाणी. तळाचं घट्ट तुला नि बाबांना वाढते की. नेहमीच तसं.”

मित्रांनो, चोवीस वर्षं मी त्या ताटासमोर बसतेय! ती शेवटी बसते, पातेलं न ढवळता वरची निवळ घेते, तेपण मला माहीत होतं. डोळ्यांसमोर होतं. आणि मी अॅपमध्ये लिहीत होते : वरण, वाट्या दोन. पट्टी सात आठवडे खरं बोलत होती. खोटं मी लिहिलं होतं.

“आई, पट्टी लाल होती,” मी म्हणाले. “पहिल्या आठवड्यापासून. मी आवाज बंद केला. तुझे स्नायू गेलेत, चरबी नाही. माझी चूक आहे.”

शेजारी निकमांनी वळून माझ्याकडे बघितलं. तिकडून आई म्हणाली, “रडायचं नंतर. आता काय करू ते सांग.”

“खा! प्या! स्नायू आत्ता परत येणार नाही, पण रक्तात साखर आणि पाणी गेलं तर आहे तेवढा तरी चालेल.”

ठकूबाईला आमचं बोलणं ऐकू जात होतं, कारण आईनं फोन स्पीकरवर टाकला होता. ती एका जावेवर खेकसली आणि जाऊ घरातून चुलीवरची दुधाची चरवी आणि गुळाचा खडा घेऊन आली. म्हशीचं, कोमट.

“प्या वं शिस्टरबाई. उपासाला दूध चालतंया की!”

आई चरवीकडे नुसती बघत राहिली. महादेवाची भीती नव्हती हो तिला. काट्याची होती.

“ओवे, हे प्यायले तर परत जाताना...”

“पी!”

तिनं चरवी तोंडाला लावली ती खाली करूनच ठेवली. चार मिनिटं बसली. मी चार मिनिटं मोजली, आयुष्यातली सगळ्यात लांब. ठकूबाई तिची पिंढरी चोळत बडबडत होती, “माज्याच वयाच्या न्हवं तुमी? पार वाळल्या पाचटावानी. माज्याकडं बघा, रोज दोन हंडे नि गवताचा भारा. बाईनं वजं उचलाय पायजे, नायतर वारा उचलतो.”

मग ठकूबाई मागे गेली, आई पुढे. सव्वीस पायऱ्या उरल्या होत्या. दर पाच पायऱ्यांना टेकायचं. आई मोठ्यानं मोजत होती. मी इथे खुर्चीत मोजत होते. निकमपण मोजत होते. पंचेचाळीस!

कोंडीबा खाटेवर, आई सीटवर. सात मिनिटं शिल्लक. आणि लाल दिवा.

‘कृपया भार कमी करा.’

तीन किलो शंभर जास्त. आईनं कोंडीबाची ओली घोंगडी ओढून फेकली. स्वतःचा रेनकोट, बूट फेकले. कोंडीबाचं पागोटं, कमरेचा कोयता आकड्यासकट, कनवटीचा पानसुपारीचा बटवा, सगळं गेलं. एक किलो दोनशे जास्त.

‘कृपया भार कमी करा.’

“पोटातलं दूध काढता येत नाही,” आई म्हणाली. “मी उतरते. त्याला एकट्याला पाठव.”

“नाही!” निकम ओरडले. हा माणूस ओरडू शकतो हेच मला माहीत नव्हतं. “वाटेत ठोके बिघडले तर शॉक कोण देणार? ती सीट रिकामी आली तर तो खाली जिवंत येणार नाही.”

पाच मिनिटं. मी वेड्यासारखी स्क्रीनवर पाळणा बघत होते, काय काढता येईल, काय काढता येईल. ऑक्सिजन नाही. शॉकचं मशीन नाही. आई वळली तसा तिचा कॅमेरा सीटच्या पाठीवर गेला आणि माझ्या डोळ्यांत लखकन काहीतरी चमकलं. मीच घासलेलं होतं ते. गेल्याच शुक्रवारी. चिंचेनं.

“आई, पाटी!”

“काय?”

“माननीय! माननीयांना खाली उतरव!”

चार स्क्रू. ठकूबाईनं कोयत्याचं टोक घातलं आणि एक दणका दिला. दोन स्क्रू उडाले. दुसरा दणका. पाटी कातळावर अशी वाजली की मला इथे कान दाबावे लागले. एक किलो चारशे! दिवा हिरवा. पंखे फिरले.

सहाव्या मिनिटाला, दरीच्या मधोमध, कोंडीबाचे ठोके बिघडले. आईनं शॉक दिला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा रेघ परत चालायला लागली. सीट रिकामी असती तर... असो. तो जिवंत आहे, परवाच त्यानं आम्हाला खरवस पाठवला.

खाली उतरल्यावर आईला दोघांनी धरून आणलं. मी निकमांसमोर सगळं कबूल केलं, लेखी दिलं. मला महिनाभर स्क्रीनवरून काढलं, बरोबरच केलं. पण आईनं जे केलं ते मला जास्त लागलं. तिनं सीट स्वतःहून सोडली. “चार महिने दुसरीला उडू दे,” ती म्हणाली. “मला उचलता येत नाही तोवर ती जागा माझी नाही.” त्या दिवशी ती एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी पातेलं आणलं आणि डाव घालून तळापासून ढवळलं. पहिली वाटी तिला.

तिथून पुढे सगळं हळू. कंटाळवाणं म्हणा हवं तर. रोज घट्ट वरण, उसळ, दही, श्रावण संपल्यावर अंडी. भात बंद नाही, फक्त मुठीएवढा. चालणं चालू, पण त्याशिवाय आठवड्यातून तीनदा वजन उचलणं. पहिल्या आठवड्यात वजन वाढलं आणि आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या महिन्यात वजन फारसं हललं नव्हतं, पण परकराची नाडी चार बोटं आत आली.

आणि पाटी ठकूबाईनं भाऊबिजेला डोक्यावर घेऊन खाली आणली. परत बसवायची का, असं निकमांनी वर विचारलं, वरून अजून उत्तर नाही. तोवर ती आमच्या पडवीत आहे. आई रोज सकाळी सहाही माननीयांना दोन्ही हातांनी छातीशी धरते आणि पंधरा बैठका मारते. बाबा चहा पिता पिता मोजतात.

मार्गशीर्षात ती परत सीटवर बसली. पाटी गेल्यामुळे सिस्टरचा वाटा आता त्रेसष्ट किलो चारशे. आकडा फिरला, थांबला. त्रेसष्ट दोनशे. आईनं माझ्याकडे बघितलं. केंद्रातल्या सगळ्यांनी बघितलं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे गेले, तिची बाही वर सारली आणि आधी पट्टी बघितली.

हिरवी.

मग वाजवल्या.